पाचवा नारळ

जगातल्या कुठल्याही देशाचं नाव काढा, सारंगमामा आधी एकच प्रश्न विचारतात. "बंदर कुठला?" बंदराचं नाव सांगता आलं तर त्या देशाला मान. नाही आलं तर तो देश नकाशावर असला काय नि नसला काय. माझा भाचा नोकरीसाठी स्वित्झर्लंडला निघाला, मामांकडे पेढे द्यायला गेला. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बंदर नाय तिथं. जपून ऱ्हा बाबा."

मांडवीच्या आमच्या आळीत ते माझे शेजारी. खरं नाव भिकाजी पिलणकर. मालवाहू बोटीवर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. तीसेक वर्षं आशियातली बंदरं पालथी घालून आले आणि येताना काय आणलं, तर फुटबॉलचं वेड. आशिया चषक म्हटला की आळीत सगळ्यांना क्रिकेट आठवतं. मलाही तेच आठवतं, पण मामांसमोर तसं बोलायची माझी छाती नाही.

फुटबॉलच्या आशियाई चषकातला आपला इतिहास मामांना तोंडपाठ आहे. तो पाठ व्हायला फार वेळ लागत नाही म्हणा. साठ वर्षांत आपण पाचदा खेळलो, त्यातल्या पहिल्या खेपेला, चौसष्ट साली, दुसरे आलो. "चार संघांत दुसरे, मामा," असं मी एकदा बोलून गेलो. आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी फाटकावरून ओरडले, "मास्तर, त्या चार होड्यांत तुमची एक होती काय?" वर्गातल्या साठ पोरांना गप्प बसवणारा मी, मान खाली घालून शाळेकडे चालू लागलो.

चौऱ्याऐंशीला ही स्पर्धा सिंगापुरात होती आणि मामांची बोटही तिथेच नांगरलेली. तरणे खलाशी होते तेव्हा. सुट्टी काढून मैदानात गेले आणि भारत-इराण सामना पाहिला. शून्य-शून्य. त्या स्पर्धेत आपला एकही गोल झाला नाही, पण मामा सांगायला लागले की वाटावं, इराणचं आरमार बुडवून आले. "शून्यावर ठेवला इराणला! बंदर अब्बास म्हायताय? केवढा बंदर!"

बोटीवर परतताना त्यांनी नवस बोलला. या चषकात आपला गोल झाला, की दर गोलाला एक नारळ. त्यानंतर पंचवीसेक वर्षं आपला संघ तिथवर पोचलाच नाही. पात्रता फेरीतले गोल मामांना चालत नाहीत. "बंदराबाहेर नांगर टाकून कसला मान? आत शिरा, मग बोला." २०११ मध्ये आत शिरलो, तिन्ही सामने हरलो, पण तीन गोल केले. मामांनी जांभ्याच्या पायरीवर तीन नारळ फोडले आणि आळीभर खोबरं वाटलं. आम्ही हसत हसत खाल्लं.

मग २०१९. थायलंडविरुद्ध आपण गोलांवर गोल करत सुटलो. मामांच्या घरात नारळ होते तीन, आणि चौथा गोल झाला. मामी पदर खोचून धावत आमच्याकडे आल्या. माझी बायको एक नारळ उचलून देत होती, तर मामी म्हणाल्या, "सुलभा, दोन दे गो. मारतील अजून एक." पाचवा गोल झाला नाही. पुढच्या दोन्ही सामन्यांतही झाला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात मामी गेल्या. तो पाचवा नारळ देव्हाऱ्याशेजारी राहिला.

पाच वर्षांनी कतारला पुन्हा स्पर्धा आली. पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी, हरलो. मामा शांत होते. ऑस्ट्रेलियाची बंदरं मोठी आहेत. मग उझबेकिस्तानने तीन गोल घातले आणि मामा जेवले नाहीत. "मास्तर, त्यांना समुद्र नाय. त्यांच्या शेजाऱ्यांना पण समुद्र नाय! आपण बुडलाव कशात?"

उरला सीरियाचा सामना. जिंकलो तरच काही आशा. दोन सामने झाले तरी आपला एकही गोल नव्हता. माझी आशा तर गोलापुरतीच होती. त्या नारळाकडे बघून मला वाईट वाटायचं. एकदाचा फुटावा आणि मामा मोकळे व्हावेत, असं मला मनापासून वाटत होतं. मी शाळेतून तडक त्यांच्याकडे गेलो. संध्याकाळचे पाच वाजले होते. मामा टीव्हीसमोर बसलेले, नारळ मांडीवर. आतला गोटा सुकून सुटला होता, मामा जरा हलले की खुळखुळायचा. मी दारातल्या चपला बाजूला केल्या. गोल झाला की पायरीपर्यंत वाट मोकळी हवी.

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. एरवी क्रिकेटलाही मी इतका घाबरत नाही. आपले चढून गेले की मामा नारळ पोटाशी धरायचे. चेंडू बाहेर गेला की लांब श्वास सोडायचे. मी म्हटलं, काळजी, दुसरं काय. पंधराएक मिनिटं उरली आणि सीरियाने गोल केला. पुढे जायचं तर संपलंच. मी टीव्हीवर ओरडलो, "एक तरी मारा रे!" शेवटच्या मिनिटांत आपली पोरं पुन्हा धावून गेली, चेंडू गोलसमोर आला, मी उभा राहिलो नि हात पुढे केला. "द्या मामा, मी फोडतो. तुमची कंबर दुखते."

मामांनी नारळ दुसऱ्या बाजूला वळवला. "थांबा मास्तर."

तेवढ्यात चेंडू बाहेर गेला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. अख्ख्या स्पर्धेत आपला एकही गोल नाही. मला फार वाईट वाटलं. "जाऊ दे मामा," मी म्हटलं, "पुढच्या खेपेला फुटेल."

मामा उठले, नारळ देव्हाऱ्याशेजारी ठेवला, शेंडी नीट वर केली. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलले. "तुमच्या घरनं दोन आणलान तिनं. एक मी फोडला. हा तिनं आपल्या हातानं ठेवलेला हाय, मी हलवला नव्हता आजवर." जरा थांबून म्हणाले, "आज पयल्यांदा देवाकडं उलटा मागितला. गोल नको म्हटला. अकरा पोरं तिकडं धावतायत आणि मी हितं बसून असा मागतोय. लाज वाटते मास्तर."

मी चपला पुन्हा दारात लावल्या आणि घरी आलो.

पुढच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत आपण गोव्यात सिंगापूरकडून हरलो, तिथेच दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी फाटकावरून बातमी सांगितली. मामा फडक्याने नारळ पुसत होते. एवढं झालं तरी रागावले नाहीत. "सिंगापूर चांगला बंदर हाय," म्हणाले. मग पायऱ्या उतरून आले आणि नारळ माझ्या कानाशी धरून हलवला.

"ऐकलात? वाजतोय अजून."