आजेकुम काकांचं चढतं वय

"आता या दुकानात कॉम्प्युटर मरणार असेल, तर आधी मला सांगून मरेल!" यॉ सिरिबोने अख्ख्या आसाफो बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

जाहीर करायला कारणही तसंच होतं. कुमासी शहरात माणूस गेला की खांबाखांबावर त्याचं फोटो आणि वय छापलेलं पोस्टर हवं, आणि पोस्टर हवं की यॉचं दुकान, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. पण अलीकडे त्याचा कॉम्प्युटर तापून ऐन कामात डोळे मिटायला लागला होता. एका नवरीचं अर्धं पोस्टर त्याने गिळलं, आणि गिऱ्हाइकं समोरच्या मेन्सा प्रिंटर्सकडे सरकू लागली. म्हणून यॉने एक छोटा प्रोग्राम बसवला. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत, घड्याळाशेजारी, यंत्राच्या पोटातलं तापमान दिसायचं. सत्तरपर्यंत हिरवं, पुढे पिवळं, पंच्याऐंशीच्या वर लालभडक! लांबून दिसावा म्हणून त्याने आकडा एवढा मोठा केला, की घड्याळ बिचारं कोपऱ्यात चेपून गेलं.

"आपल्या यंत्राला किती ताप आहे ते गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचं?" बायको सेर्वा म्हणाली.

"दिसू दे! मी काय कुणाला भितो?"

तेवढ्यात आजेकुम घराण्याचं काम आलं. जन्मभर ट्रक हाकलेले आजेकुम काका गेले होते. घराणं एवढं मोठं, की त्यांचं एक काम साधलं तर पुढची सगळी आपलीच. आणि नाही साधलं तर दुकानाला टाळं, हे यॉ मनातून ओळखून होता.

"सगळं छान करा यॉभाऊ, फक्त वयाची जागा मोकळी सोडा," काकांची पुतणी आदोमा म्हणाली. "जन्माची नोंद कुठेच नाही. घरात मारामारी चाललीय. आम्ही शहात्तर म्हणतो, बोआतेंग आजोबा म्हणतात वाढवा."

बोआतेंग आजोबा म्हणजे घराण्याचे प्रमुख. त्यांचंही बरोबरच होतं. शहात्तरला काळे कपडे आणि रडारड. नव्वदीच्या घरात गेलं, की माणूस भरभरून जगला म्हणून आनंदाचे पांढरे कपडे, बँड आणि नाच!

पोस्टर तयार झालं. आदोमाने स्क्रीनचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि ती निघून गेली. फोटोत काका टोपी घालून हसत होते, वयाची जागा मोकळी होती, आणि खाली कोपऱ्यात लालभडक ८८ झळकत होते.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "यॉभाऊ, आजोबा जाम खूश आहेत! फक्त टोपी सरळ करा, आणि नवा फोटो तुम्हीच टाका. तुम्हाला ग्रुपमध्ये घेतलंय."

यॉची कॉलर ताठ झाली. टोपी सरळ करता करता यंत्र धापा टाकू लागलं. त्याने फोटो टाकला. खाली ९३.

लगेच इटलीहून फोन! काकांचे भाऊ नुसते फुत्कारत होते. "मी एकोणऐंशीचा, त्याच्यापेक्षा थोरला! मेल्यावर तो मला ओलांडून पुढे कसा गेला? कालपर्यंत माझ्या पाया पडत होता!"

"अहो, मी फक्त टोपी सरळ केली!"

"टोपीने पाच वर्षं वाढतात?"

यॉला काही कळेना. भावकीची भांडणं, आपल्याला काय, म्हणून त्याने फोन ठेवला. यंत्राचा ताप उतरावा म्हणून दुकानातला एकुलता एक पंखा त्याच्याकडे वळवला, आणि शेवटचा फोटो टाकला. आकडा झक्कास उतरला होता. ७१.

संध्याकाळी बोआतेंग आजोबा सगळा लवाजमा घेऊन दुकानात हजर! चेहरे असे, की आता दुकानच उचलून नेतील. पण रीत म्हणजे रीत, पाणी झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. सेर्वाने सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं. सगळ्यांनी रागारागाने घोट घेतले. मग यॉने विचारलं, "आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुम्ही कसं येणं केलंत?"

तेव्हा कुठे आजोबा फुटले. "चोरा! आमची बावीस वर्षं कुठे गेली? पांढरं कापड शिंप्याकडे पडलंय, बँड ठरलाय, आणि तू काकाला एकाहत्तरवर आणलंस?"

यॉने त्यांचं बोट जिकडे होतं तिकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, तो यंत्राचा ताप आहे!"

"बाता मारू नकोस!"

"वय माणसांनी ठरवायचं असतं, माझ्या यंत्राने नाही! तुम्ही म्हणाल ते लिहीन, पण हा आकडा लिहिणार नाही म्हणजे नाही! जा मेन्साकडे!" यॉ गरजला. सेर्वाने कपाळाला हात लावला.

आजोबांना संतापाने घाम फुटला. त्यांनी पंखा खसकन स्वतःकडे वळवून घेतला. आणि इकडे आकडा हलला. ७९... ८६... ९१...

"अरे, वाढतंय बघा!" लवाजम्यातलं कुणीतरी ओरडलं. भांडण जागच्या जागी थांबलं. सगळे स्क्रीनपुढे गोळा झाले.

"नव्वद ओलांडली! शाब्बास रे आजेकुम!" आजोबांचे डोळे भरून आले.

९८ वर आदोमाने फोटो काढला. पुढच्याच क्षणी स्क्रीन काळी ठिक्कर! दिवसभर आकड्यावर डोळा ठेवणाऱ्या यॉने पोस्टर एकदाही सेव्ह केलं नव्हतं.

लवाजमा उठला आणि तो फोटो घेऊन थेट मेन्साकडे गेला. मेन्साने तो जसाच्या तसा छापला, पट्टी, घड्याळ आणि लाल आकड्यासकट. शनिवारी विजेच्या खांबाखांबावर काका अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन हसत होते. पांढऱ्या कपड्यांत गाव नाचलं. इटलीचे भाऊसुद्धा फोनवर हमसून रडले, "माझा थोरला भाऊ गेला हो!"

यॉने मात्र हार मानली नाही. त्याने स्क्रीनवर कागद चिकटवला: 'खालचा आकडा म्हणजे वय नव्हे!' आणि रिकाम्या दुकानात छाती काढून बसला.

सोमवारी एक बाई आल्या. मागे आणखी तिघी उभ्या होत्या.

"आईचं पोस्टर करायचंय. तो लाल आकडा असतो ना, तसलं. घरात वयावरून फार भांडणं आहेत. यंत्राने सांगितलं की कुणी तोंड उघडत नाही."

"बाई, कागद वाचा! ते वय नाही! ताप आहे तो, ताप!"

"हो का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मग जरा चढू द्या की!"

यॉ नाही म्हणायला तोंड उघडणार, तोवर सेर्वाने पंखा बंद केला होता.