रेघेतला खड्डा

"मामाजी, राग नका मानू, पण आवाज जरासा दबून राहिला," जावई वीरेंद्र म्हणाला आणि भोजराज मास्तरांनी हातातला चहाचा कप बशीवर आदळला.

आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं पोरांना वायरिंग शिकवून ते निवृत्त झाले होते. दीड महिना खपून, प्लायवुड कापून त्यांनी स्पीकरची जोडी घरीच तयार केली होती. आणि हा आमगावच्या बँकेतला जावई एक गाणं ऐकून निकाल देऊन मोकळा!

"दबून राहिला? कायच्यावरून?"

"कानावरून."

"कान म्हणजे काय यंत्र आहे? मोजूनच दाखवतो तुमाले!"

वीरेंद्रने मोबाइलवरचं फुकटचं ॲप सुचवलं. मास्तर आणखी भडकले. "फोनचा माइक हॅलो म्हणायले असते, स्पीकर तपासायले नाई!" गोंदियाच्या दुकानदाराने पस्तीस हजारांचं यंत्र सांगितलं, तेव्हा त्याच्यावरही भडकले. शेवटी मोजणीचा एक स्वस्तातला, बोटाएवढा माइक मागवला. सोबतच्या कागदावर सूचना होती: खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो, म्हणून स्पीकर उघड्यावर, उंच जागी ठेवावा.

सालेकशाबाहेर मास्तरांच्या शेतात राखणीचं मचाण होतं. सकाळीच त्यांनी एक स्पीकर वर चढवला, समोर काठीला माइक बांधला, लॅपटॉप उघडला. मोजणीचा आवाज खोल गुरगुरीपासून सुरू होऊन बारीक शिटीपर्यंत चढत जायचा. पडद्यावर रेघ उमटली. बरोबर मधोमध मोठा खड्डा, म्हणजे तिथं आवाज दबलेला.

"खड्डा? माझ्या स्पीकरमध्ये?"

त्यांनी पुन्हा वाजवलं. खड्डा तिथंच. माइक हलवला, काठी बदलली, पुन्हा वाजवलं. तेविसाव्या गुरगुरीला शेजारच्या मंगरूचे बैल दावं तोडून पळाले आणि मंगरू "वाघ! वाघ!" ओरडत गावाकडे. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी टोपल्या तिथंच टाकल्या. तासाभरात मचाणाखाली वनरक्षक प्राची, काठ्या घेतलेलं अर्धं गाव आणि बातमी ऐकून आमगावहून धावलेला वीरेंद्र उभे होते.

"वाघ कुठं आहे?" प्राचीने विचारलं.

"वाघ नाई, मी आहे!" मास्तर वरून गरजले. "माणूस काम करून राहिला, अन् तुमी गाव कायले गोळा केलं?"

"माझे बैल दरेकशाकडे गेले!" मंगरू खालून ओरडला. "अन् वरून तुमीच आमाले रागावता?"

वीरेंद्र शिडी चढून वर गेला. त्याने रेघ पाहिली, मग खोक्याच्या मागे डोकावला.

"मामाजी, खोक्यातल्या दोन स्पीकरांपैकी लहान्याची लाल वायर काळीच्या जागी आहे. दोघांचा आवाज एकमेकाले खाऊन राहिला."

"शक्यच नाई!"

मास्तर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग वायर बदलून त्यांनी पुन्हा मोजणीचा आवाज सोडला. खालचा जमाव दोन पावलं मागे सरकला. या वेळी रेघ जवळजवळ सपाट आली.

मास्तर खाली उतरल्यावर प्राचीने छापील फॉर्म काढला. "साहेबांना रिपोर्ट द्यावा लागते. आवाजाचं कारण काय लिहू?"

वीरेंद्रने सासऱ्याचा चेहरा पाहिला. "लिहा, माइक स्वस्तातला होता. चुकीचं दाखवत होता, म्हणून पुन्हा पुन्हा वाजवावं लागलं."

"खबरदार!" मास्तर उसळले. "तेवीस वेळा त्यानं खरंच सांगितलं! गरीब माइकवर आळ घेता? लिहा मॅडम, वायर उलटी होती."

प्राचीने लिहिलं. मास्तर जवळ सरकले, आवाज खाली आणला.

"कोणं जोडली होती, त्याचा रकाना नसंल ना?"

"आहे," प्राची म्हणाली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.