कॅनडाचा नळ

फोन ही बोलायची वस्तू नसून कामाची वस्तू आहे, या तत्त्वावर केंदूरच्या सर्जेरावांनी आयुष्य काढलं होतं. फोन उचलला की त्यांचं पहिलं वाक्य "बोल, काय काम?" आणि काम नसेल तर तेच शेवटचं. या तत्त्वापायी पोळ्यापासून त्यांचं लेकीशी बोलणं झालेलं नव्हतं.

लेक सुलक्षणा कॅनडात. आईला, म्हणजे मुक्ताबाईंना, तिचा रोज संध्याकाळी फोन येई. तेवढा वेळ सर्जेराव शेजारी बसून पेपरचं एकच पान वाचत. पलीकडून "आबा हायेत का?" आलं की मुक्ताबाई फोन पुढे करत आणि सर्जेराव विचारत, "काम हाय का काय?" काम कधीच नसे.

मग नळ देवासारखा धावून आला.

हा नळ सुलक्षणानंच गेल्या उन्हाळ्यात आणलेला. काय आणू म्हणून तिनं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले होते, "काय नको. आणायचाच तर अंगणाला एक चांगला नळ आण." तिनं तिकडचा, थंडीत न गोठणारा नळ आणला. त्याचा दांडा हातभर लांब, आणि पाणी अडतं ते पार भिंतीच्या आत, उबेला. केंदुरात फ्रीजबाहेर पाणी गोठल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण नळ सज्ज होता. बंद केल्यावर नळीत उरलेलं पाणी जरा वेळ ठिबकायचं. तो बनवलाच होता तसा. सर्जेरावांना ते पटलं नाही. ते रोज दोन्ही हातांनी आवळत राहिले आणि शेवटी तो खरंच गळायला लागला.

सर्जेरावांच्या अंगात उत्साह संचारला. हे काम होतं! पण ते चष्मा लावून लेकीचा नंबर शोधेपर्यंत मुक्ताबाईंनी बाळासो प्लंबरला बोलावून घेतलं.

"दोन मिन्टाचं काम हाय, आबा. ह्यो काढतो, आपला साधा बसवतो."

"हात लावू नको. परदेशी हाय त्यो."

"मग आधी पासपोर्ट बघू का त्याचा?"

बाळासोनं पाना लावला. नळाचं डोकं फिरलं, दांडा बाहेर यायला लागला आणि येतच राहिला. "आबा, नळ हाय का तलवार?" एवढं म्हणेपर्यंत म्यान मोकळं झालं आणि भिंतीतून पाण्याचा फवारा थेट रस्त्यावर गेला. रस्त्यानं सोसायटीचे चेअरमन आनंदराव कडक इस्त्रीत दौंडला साखरपुड्याला निघाले होते.

"सर्जेराव! आवं, ह्ये काय?"

"कॅनडाचं हाय," म्हणून सर्जेराव आतून फोन घेऊन आले आणि त्यांनी तो अंगणातूनच स्पीकरवर लेकीला लावला.

"आबा? तुम्ही?" सुलक्षणा घाबरलीच. "बरं हाय ना सगळं?"

"काम हाय म्हणून लावला. नळातनं पाणी उडतंय."

"आधी टाकीचा कॉक बंद करा!"

"करतो की. सावकाश सांग."

"सावकाश काय, आबा! बंद करा!"

कॉक शेवटी भिजलेल्या चेअरमननीच बंद केला.

"दांड्याच्या टोकाला काळा वायसर असंल. तेवढा बदला."

"बाळासोला कळलं न्हाई. परत सांग."

"मला कळलं की," बाळासो म्हणाला.

"तू गप."

तिनं परत सांगितलं. तिचा आवाज बसलेला होता. 'सर्दी झालीया का?' हे सर्जेरावांच्या अगदी ओठांवर आलं, पण ते काम नव्हतं. त्यांनी वायसरच तिसऱ्यांदा विचारला.

तोवर बाळासोनं तो बदललासुद्धा.

"थांबलं का पाणी?"

"थांबलं."

"आणखी काय, आबा?"

सर्जेरावांनी अंगणभर नजर फिरवली. मेलं सगळं जिथल्या तिथं होतं. "काय न्हाई. ठेवतो."

बाळासोनं पाना पिशवीत टाकला, मग परत काढला. "आबा, जरा ढिला ठेवू का?"

"आगाव बोलू नको," सर्जेराव म्हणाले. पण जोरात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्ताबाईंनी फोन उचलला आणि लगेच नवऱ्यापुढे धरला. "तुमच्याकडं काम हाय म्हणती."

"बोल, काय काम?"

"आबा, आमच्या अंगणातला नळ गळायला लागलाय. काय करू?"

सर्जेरावांनी पेपर ठेवला, खुर्ची ओढली आणि टाकीच्या कॉकपासून सुरुवात केली. मध्ये सर्दीचा काढा झाला, तिकडच्या भाजीचे भाव झाले, जावयाची ड्युटी झाली. मुक्ताबाईंनी वाढलेली आमटी गार झाली, तरी गाडी वायसरपर्यंत पोचली नव्हती.

सुलक्षणा अकराव्या मजल्यावर राहते.