घैसासकाकांची व्होल्गा

घैसासकाकांना पत्ता विचारलात तर ते ब्लॉक नंबर सांगत नाहीत, काठ सांगतात. "उजव्या काठाला या. बारावा मजला." काठ कशाचा, तर सिंगापुरातल्या आमच्या चोआ चू कांगच्या इमारतींमागून जाणाऱ्या सिमेंटच्या कॅनॉलचा. त्यात एरवी घोटाभर पाणी आणि दोन बगळे असतात. पण काकांच्या हिशेबात एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन डाव्या काठाला, खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर उजव्या काठाला. एकदा डिलिव्हरीवाला वैतागून त्यांचं जेवण माझ्या दारात ठेवून गेला होता. मी त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहते.

हे सगळं व्होल्गेमुळे. काका सोव्हिएत काळात आस्त्राखानला जहाजाची इंजिनं शिकले. हे गाव व्होल्गेच्या अगदी शेवटाला, तिथून पुढे नदी कॅस्पियनला मिळते. मग ते सिंगापूरला आले, शिपयार्डात तीस वर्षं काढली, निवृत्त झाले. एकटेच राहतात. लग्न केलेलं नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. "काकांचं व्होल्गेशी झालंय," असं मीच म्हणायचे, त्यांच्या तोंडावर. ते हसायचे.

"व्होल्गेचा उजवा काठ उंच, डावा सपाट," ते सांगत. "पुराचं पाणी शिरायचं ते डाव्या काठाच्या घरात. उजव्या काठाचा माणूस वरून बघतो. सेक्रेटरीबाई, तुम्ही उजव्या काठाच्या." आमच्या महाराष्ट्र मंडळाची मी सेक्रेटरी. बरीच वर्षं मला ते कौतुक वाटत होतं.

मी दहा किलो तांदळाची ट्रॉली ओढत आले की लिफ्टपाशी हमखास गाठ पडायची. "बुर्लाक!" म्हणत ते ट्रॉली माझ्या हातातून घेत. बुर्लाक म्हणजे छातीला पट्टा बांधून काठाकाठाने चालत प्रवाहाविरुद्ध बोटी ओढणारी माणसं. त्यात बायकाही असत, हे ते माझ्याकडे बघून सांगत. लिफ्ट नवव्यावर थांबली तरी त्यांचा पाय दारात. मग कोण्या बंडखोराने इराणी राजकन्येला नदीत फेकल्याची दंतकथा. मग रशियाच्या राणीने बोलावून वसवलेले जर्मन शेतकरी. मग महायुद्ध, एका काठावर शहर जळतंय आणि पलीकडून बोटी येतायत, जाताना जखमींना घेऊन जातायत. मग धरणं, पाण्याखाली गेलेली गावं आणि पाण्यातून एकटाच वर राहिलेला चर्चचा मनोरा. लिफ्ट टूंटूं करत राहायची. माझी मुलगी घरातून ओरडायची, "Aai, Volga uncle again lah."

एक गोष्ट मात्र ते कधी पुरी करत नसत. आस्त्राखानला काही शतकांपूर्वी हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची वसाहत होती. सिंधी, मारवाडी, पंजाबी. "एखादा मराठी असणारच," असं काकांचं ठाम मत, पुरावा शून्य. त्या व्यापाऱ्यांनी तिथल्या तातार बायकांशी संसार थाटले, इथवर ते येत आणि थांबत. "पुढचं स्टेजवर सांगेन. पंधरा मिनिटं द्या फक्त."

ती पंधरा मिनिटं मी चार वर्षं दिली नाहीत. गणेशोत्सवाचा कार्यक्रम ठरवायला कमिटी बसली की त्यांचा अर्ज यायचा आणि आम्ही फोनवर एक स्टिकर फिरवायचो. काकांचा फोटो, डोक्यावर केसाळ टोपी, खाली लिहिलेलं, "पूर आला, पळा". तो स्टिकर मी बनवला होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

यंदा अर्ज टाइप करून आला. काका स्वतः दारात उभे. "चार वाजता द्याल? बरोबर चार. तिकडे तेव्हा बारा वाजतात." तिकडे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. "आणि आपला कार्यक्रम इंटरनेटवर दिसतो ना, लाइव्ह?" हे त्यांनी त्या आठवड्यात तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं, आणि कार्यक्रमपत्रिकेत खरोखरच चार वाजता त्यांचं नाव घातलं.

त्या दिवशी कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये काका सूट घालून आले. आपल्याकडे सूट घालतो तो एक नवरदेव, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला निघालेला माणूस. हातात घडी घातलेले कागद. आणि उकडीच्या मोदकांची स्पर्धा लांबली. परीक्षक कळ्या मोजायला लागले, त्यात एका बाईंनी हरकत घेतली. चार वाजून गेले. मग मुलांचा नाच होता, तो कापला असता तर आयांनी मला कापलं असतं. साडेपाचला हॉल सोडायचा होता. काका स्टेजच्या पायरीशी उभेच होते.

"काका, पुढच्या वर्षी नक्की," मी म्हटलं.

"पाच मिनिटं?" ते म्हणाले. मी मान हलवली. "बरं, दोन? शेवटचंच पान वाचतो."

लोक चुळबुळत होते. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "मंडळी, घैसासकाकांची व्होल्गा यंदाही समुद्रापर्यंत पोचलेली नाही." हॉल खदखदून हसला. मला बरं वाटलं, हे कबूल करते. काकाही हसले. मग तिपाईवरच्या कॅमेऱ्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि खाली उतरले. लोक त्यालाही हसले.

तीन दिवसांनी मी घरी केलेले मोदक घेऊन बाराव्या मजल्यावर गेले. मोदक हे निमित्त होतं, लिफ्टपाशी ते भेटेनासे झाले होते. त्यांनी नेहमीसारखा काळा चहा केला. टेबलावर ते कागद होते. शेवटचं पान रशियन अक्षरांत होतं.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"मुलीसाठी," ते म्हणाले.

आस्त्राखानला त्यांचं लग्न झालं होतं. मुलगी अडीच वर्षांची असताना वडील आजारी म्हणून ते पुण्याला परतले. बायको यायला तयार नव्हती, मग तो देशच मोडला. "पत्रं परत यायला लागली," ते म्हणाले. "खरं म्हणजे मीच पाठवायचं थांबवलं. त्या व्यापाऱ्यांसारखंच. पोरं तिथे, आपण इथे." या वर्षी मुलीने त्यांना शोधून काढलं होतं. तिचा पहिला प्रश्न होता, तिथे तुमचं कोण आहे, तुम्हाला कुणी ओळखतं का.

"काय सांगणार? म्हटलं, आमच्या माणसांचा कार्यक्रम आहे, मी बोलणार आहे, बघ."

मी पुटपुटले, "मग तिनं पाहिलं नाही ना काही?"

"पाहिलं की. सुरुवातीपासून बसली होती. सगळे मोदक पाहिले, मुलांचा नाच पाहिला. एक अक्षर कळत नव्हतं तरी." काकांनी बशी माझ्यापुढे सरकवली. "नंतर तिचा फोन आला. मला अजून 'तुम्ही'च म्हणते. विचारत होती, ती हिरव्या साडीतली बाई तुमच्याबद्दल माइकवर काय बोलली? सगळे एवढे का हसले?"

हिरवी साडी माझी.

"मग?" मी विचारलं.

"मी सांगितलं, त्या म्हणाल्या, हे आमचे काका. यांच्याशिवाय आमचा कार्यक्रम होत नाही."