राऊत मास्तरांचा प्रायव्हेट नंबर

आमचे शेजारी राऊत मास्तर फोन घ्यायला लॅपटॉप उघडतात. लॅपटॉपला सिमकार्डाचं बोटभर डोंगल खोचलेलं. रिंग वाजली की मास्तर हेडफोन चढवतात, पडद्यावरचं हिरवं बटण दाबतात आणि म्हणतात, "डहाणू, बोला." रेंज फक्त खिडकीपाशी मिळते, म्हणून ही सगळी कचेरी खिडकीत.

तेच सिम मोबाइलमध्ये घाला, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "मोबाइल घेऊन माणूस कुठंही भटकतो. ड्यूटी म्हणजे जागेवर असणं."

मास्तर जन्मभर स्टेशनमास्तर. पुढचं स्टेशन लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, देताना एक दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगतं. तो लिहून घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मास्तर निवृत्त झाले, ही शिस्त काही झाली नाही. मुलगी वर्षा तिकडे तलासरी तालुक्यात, वेवजीच्या शाळेत शिक्षिका. साडेपाचला निघण्याआधी ती फोन करायची. मास्तर नंबर द्यायचे, मगच ती एसटीत बसायची. घरी येऊन तिने तोच नंबर सांगितला की मास्तर लॅपटॉप मिटायचे.

एकदा ऐन साडेपाचला लॅपटॉपने अपडेट काढलं. मास्तर त्या गरगरणाऱ्या चक्रापुढे बसून राहिले, आणि तिकडे वर्षाने नंबर मिळेना म्हणून दोन एसट्या सोडल्या. बापाचीच लेक. मी पोट धरधरून हसलो होतो.

यंदा वर्षाची बदली डहाणूतच झाली. शाळा घरापासून पाच मिनिटांवर. मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले. पण साडेपाच वाजले की ते आपले हेडफोन लावून खिडकीत.

"आता फोन कोणाचा येणार, काका?" वर्षा मला म्हणाली. "तरी बाबा लॅपटॉप मिटतच नाहीत."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

परवा चिकूच्या कलमांसाठी कैनाडला गेलो होतो. निघताना मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, कैनाडहून निघतोय. लाइन क्लिअर आहे का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मास्तर खाकरले.

"सदतीस. लिहून घ्या."

मी खरंच लिहून घेतलं, कलमांच्या पावतीवर.

गल्लीत शिरलो तेव्हा अंधारून आलं होतं. मास्तर हेडफोन लावून खिडकीतच होते. मी खाली उभा राहून म्हणालो, "सदतीस."

त्यांनी मान डोलावली, हेडफोन काढला आणि लॅपटॉप मिटला.