पहिल्या गिअरमधला नवरदेव

झुंबर मिस्त्री व्हॅनच्या पोटाखालून सरपटत बाहेर आला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "साहेब, बुश गेलाय."

"कुठे गेलाय?" कारभारी बोरस्त्यांनी विचारलं.

हा विनोद नव्हता. समोरच्याला साधं बोलताही येत नाही, याची त्याला जाणीव व्हावी म्हणून ते असे प्रश्न विचारत. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेले जॉब, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, मायक्रोमीटरने मोजायचे आणि नापास करायचे, हे त्यांचं काम. पुढे ते निवृत्त झाले, पण नापास करणं काही थांबलं नाही. आता जॉबच्या जागी घरचं वरण, सोसायटीचा चेअरमन, मुलाचे मित्र आणि नाशिकमधले झाडून सगळे मिस्त्री आले होते.

"गेलाय म्हंजे घासलाय," झुंबर म्हणाला. "पेडलपासून क्लचकडं हा रॉड जातो ना, त्याच्या मधी हे वाकडं लिव्हर हे. त्याच्या भोकात बुश असतो, पितळी कडं. तो पार खाल्लाय. तुम्ही पेडल दाबता, पण निम्मं दाबणं मधीच गडप होतं. म्हणून गिअर अडतोय."

"मग काय करणार?"

"नवा बुश टाकू. जरा ढिला ठेवू, ग्रीस भरू. पन्नास वर्षांची म्हातारी हे साहेब, तिला जरा ढिलंच लागतं."

'ढिलं' हा शब्द ऐकून कारभारींच्या कपाळाची शीर उडाली. या एका शब्दानेच देशाचं वाटोळं केलंय, असं त्यांचं जुनं मत होतं.

"ते लिव्हर काढ आणि इकडे दे," ते म्हणाले. "बुश मी करतो."

झुंबरने मुकाट्याने काढून दिलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट त्याला कळली होती: ज्या गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या खिशात मोजपट्टी असते, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

व्हॅन सुरेखच होती, त्यात वाद नाही. एकोणीसशे एकाहत्तरची, गोल दिव्यांची, खाली निळी आणि वर सायीच्या रंगाची. इंजिन पुढच्या दोन सीटच्या मध्ये, एका पत्र्याच्या पेटीत. कारभारींनी ती भंगारातून उचलून आणली होती आणि दोन वर्षं स्वतःच्या हातांनी घासूनपुसून उभी केली होती. हर्षलच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या लग्नात नवरदेवाची मिरवणूक याच गाडीतून निघणार, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

"लग्न पाच दिवसांवर आलंय," लताबाई घरी म्हणाल्या. "झुंबरलाच करू द्या ना. आणि नाहीच झालं तर घोडा आणू. सगळे आणतात."

"सगळे आणतात, हेच घोडा न आणण्याचं कारण आहे."

सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून कारभारींनी बुश केला. पहिले तीन त्यांनी स्वतःच नापास केले. चौथा असा उतरला, की लिव्हरच्या पिनेवर चढवला तर मध्ये हवासुद्धा शिरली नसती. त्यात ग्रीस भरायचं त्यांनी साफ नाकारलं. ग्रीस म्हणजे चुकलेल्या मापावर घातलेलं पांघरूण, असं ते वर्कशॉपच्या मालकाला म्हणाले. मालक हो म्हणाला. त्याला लेथ मोकळा हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आनंदवलीपर्यंत एक फेरी मारली. थंडगार हवा, मोकळा रस्ता. पेडल लोण्यासारखं दबत होतं. घरी येताच त्यांनी बुशचा फोटो झुंबरला पाठवला आणि खाली लिहिलं, "याला फिटिंग म्हणतात."

झुंबरचं उत्तर आलं, "छान साहेब. गरम झाल्यावर बघा."

या अडाणीपणाला उत्तर देण्याची कारभारींना गरज वाटली नाही.

मुलगी सटाण्याची होती. मनाली. तिचे वडील भिकन देवरे कांद्याचे व्यापारी, आवाज मोठा आणि मन हळवं. साखरपुड्यालाच त्यांनी कारभारींचे दोन्ही हात धरले होते. "व्याही, तुम्हाले एकच हात जोडीसन सांगस. लगीन टायमावर लागू द्या." मोठ्या मुलीच्या लग्नात बारा वीसचा मुहूर्त होता आणि नवरदेव आला सव्वातीनला. वाटेत त्याचे मित्र नाचत बसले होते. मे महिन्याचं ऊन. भिकनरावांच्या आईला, कुसाबाईंना, मांडवातच चक्कर आली. पाहुणे जेवून आपापल्या गाड्यांना लागले आणि अक्षता टाकायला उरले बँडवाले आणि आचारी.

"आमच्याकडे वेळ म्हणजे वेळ," कारभारी तेव्हा म्हणाले होते. ते त्यांना मनापासून पटतही होतं. पण हर्षलच्या तीस मित्रांना ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ट्रॉलीवर माणसापेक्षा उंच स्पीकर आणले होते आणि गाण्यांची यादी इतकी लांब होती, की ती संपेपर्यंत मुहूर्तच काय, दिवसही मावळला असता.

लग्न गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये होतं. मुहूर्त बारा सतराचा. रिवाजाप्रमाणे नवरदेवाने मारुतीचं दर्शन घेतलं आणि साडेअकराला मिरवणूक निघाली. लॉन्स तिथून दीड किलोमीटर. व्हॅन स्वतः कारभारी चालवत होते, कारण दुसऱ्या कुणाच्या पायावर त्यांचा विश्वास नव्हता. शेजारी लताबाई, मागच्या सीटवर फेट्यातला हर्षल.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. पोरं नाचली की कारभारी क्लच दाबून थांबत, पोरं सरकली की पुढे जात. बघ, असं त्यांनी लताबाईंना तीनदा सांगितलं. तोवर इंजिनाची पेटी तव्यासारखी तापली होती आणि तिच्या बाजूला असलेलं लिव्हरही.

चौथ्यांदा त्यांनी पेडल दाबलं, तर ते दबेना.

"काय झालं?" लताबाईंनी विचारलं.

"काही नाही."

गरम होऊन फुगलेला बुश पिनेवर दातखीळ बसल्यासारखा बसला होता. कारभारींनी पायाचा सगळा जोर लावला. खालून 'खट्' असा आवाज आला आणि पेडल एकदम जमिनीला टेकलं. ते पुन्हा वर आलं नाही. रॉड वाकला होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती आणि पहिल्या गिअरमध्येच, आपल्या चालीने, पुढे निघाली होती.

"अहो, पोरं नाचताहेत समोर. थांबा ना."

"थांबता येणार नाही."

"म्हणजे काय?"

कारभारींनी डोक्यात हिशेब मांडला. गिअर हिसडून न्यूट्रलला आणता आला असता. ब्रेक दाबून गाडी बंदही पाडता आली असती. पण क्लचशिवाय उभ्या गाडीचा गिअर पुन्हा पडणार नव्हता, आणि तापलेलं इंजिन सेल्फवर उठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे एकदा थांबली की संपलं. मग तीच तीस पोरं ती ढकलणार, आणि पाहुण्यांत कुठेतरी उभा असलेला झुंबर ते बघणार. त्याला निमंत्रण लताबाईंनी दिलं होतं.

"क्लच गेला," ते दातांतल्या दातांत म्हणाले. "कुणाला बोलू नकोस."

"कुठे गेला?" लताबाईंनी विचारलं.

कारभारींनी त्यांच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं आणि हॉर्नवर हात ठेवला.

पोरांना वाटलं, काका रंगात आले. ती आणखी जोरात नाचू लागली. व्हॅन माणसाच्या भरभर चालीने त्यांच्यावर येत राहिली. ब्रेकवर जरा पाय टेकवला की इंजिन घुसमटायचं, उचलला की सुटायचं, म्हणून कारभारी नुसतं टेकवत आणि उचलत होते. पहिली रांग नाचत नाचत मागे सरली. मग नुसतीच मागे सरली. मग वळून चालायला लागली.

"पप्पा, जरा थांबा ना!" हर्षल मागून ओरडला. "अजून आमचं मेन गाणं लागायचंय!"

"चालत्या गाडीत ऐक!"

"अहो, पण सगळे पळताहेत!"

"पळू देत. सवय नाही त्यांना, तब्येती बघ एकेकाच्या!"

स्पीकरची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने आरशात पाहिलं आणि वेग वाढवला. बँडचा ढोलवाला ढोल पोटावर सांभाळत धावू लागला. पिपाणीवाल्याला धावता धावता फुंकर पुरेना, त्यामुळे सूर मध्येच फाटू लागला. एका मित्राचा नवा बूट रस्त्यात राहिला. तो उचलायला वळला, तेव्हा कारभारींनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "बाजूला हो! बूट सांभाळता येत नाही, तर पाय तरी कशाला आणलास!"

खरं तर त्यांना घाम फुटला होता. लोकांवर ओरडताना मात्र तो जरा वाळतोय, असं वाटत होतं.

लॉन्सच्या फाटकाशी बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या राहतात, हे त्यांना आठवलं ते फाटक दिसल्यावर. पण आज तिथे फक्त कुसाबाई होत्या. बाकीच्यांनी मिरवणुकीला अजून दोन तास लागतील असं धरून साड्यासुद्धा बदललेल्या नव्हत्या.

"उभी कर रे भाऊ!" ताट धरून म्हातारी पुढे आली.

"आजी, चालता चालता ओवाळा!" कारभारींनी विनवणी केली. आयुष्यात पहिल्यांदा.

कुसाबाईंनी पदर खोचला. नव्वदीच्या उंबरठ्यावरची ती बाई खिडकीला धरून व्हॅनच्या बाजूने तुरुतुरु चालली, चालत्या गाडीतल्या नवरदेवाला कुंकू लावलं, ते कपाळाऐवजी नाकावर बसलं, दोन वेळा ताट फिरवलं आणि म्हणाली, "जाय, बेटा, जाय! टाईम ना चुकू देजो!"

मांडवाच्या पायरीपाशी कारभारींनी दोन्ही हातांनी गिअर हिसडला. 'कर्रर्र' असा आवाज झाला, गाडी मोकळी झाली, हँडब्रेक लागला. त्यांनी किल्ली फिरवली, खाली उतरले, कोटाची बटणं लावली आणि चेहरा असा ठेवला, जणू हे सगळं असंच ठरलेलं होतं.

अकरा वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

मग जी पळापळ झाली ती मुलीकडच्यांची. मनालीची वेणी अर्धी झाली होती, गुरुजी चहा पीत होते, मामा पार्किंगमध्ये होता. पण बारा सतराला अंतरपाट धरला गेला आणि मंगलाष्टका संपल्या तेव्हा आठशे माणसांनी, एकजण न घटता, अक्षता टाकल्या.

भिकनराव थेट कारभारींच्या गळ्यात पडले. डोळे वाहत होते. "व्याही, आख्खा बागलाणमा असं टायमावर लगीन कधी लागनं नही! पोरं आडवी पडनीत तरी तुम्ही गाडी थांबाडी नही! हाई गाडी नही, हाऊ देव शे देव!"

कारभारींनी घसा साफ केला. खरं सांगावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी भोवती जमलेल्या माणसांची तोंडं पाहिली.

"शिस्त लागते," ते म्हणाले.

गर्दीच्या मागे झुंबर उभा होता. तो पुढे आला, खाली वाकून व्हॅनच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि जेवायच्या पंगतीकडे निघाला. कारभारींनी चार पावलं जाऊन त्याला गाठलं. नुसती किल्ली त्याच्या हातात ठेवली.

चार दिवसांत झुंबरने रॉड सरळ केला, नवा बुश टाकला, जरा ढिला ठेवला आणि ग्रीस भरलं. पेडल बोटाने दाबलं तरी दबत होतं, थंड असो की गरम. कारभारींनी तीन वेळा खाली जाऊन पाहिलं. नापास करण्यासारखं काही सापडेना.

"चालेल," ते म्हणाले. एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी कुणासाठी वापरला नव्हता. झुंबरला ते माहीत नसल्यामुळे त्याने तो साधाच धरला.

इकडे भिकनरावांनी सटाण्यापासून देवळ्यापर्यंत त्या न थांबणाऱ्या गाडीची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. पंधरा दिवसांत तीन मुलींचे बाप कारभारींच्या घरी येऊन बसले. मी काय ड्रायव्हर आहे का, असं कारभारी म्हणणार होते, पण लताबाईंनी आधीच पहिल्या पाहुण्याला, पुंजा आबांना, तारीख दिली होती. "मुलीचा बाप आहे हो," त्या म्हणाल्या. "रडकुंडीला आलेत."

पुंजा आबांच्या लेकीच्या लग्नातही पोरं नाचत होती. कारभारींनी सवयीने क्लच दाबला. व्हॅन शहाण्यासारखी थांबली. पोरांना आणखी चेव आला. एक रस्त्यात आडवा झाला, दुसऱ्याने त्याच्यावर रुमाल फिरवला. दहा मिनिटं गेली. लॉन्स अजून दूर होतं. रस्त्याच्या कडेने पुंजा आबा पळत आले आणि खिडकीपाशी हात जोडून उभे राहिले. नुसते घड्याळाकडे बघत राहिले.

कारभारींनी समोर पाहिलं. मग खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि सगळ्या गंगापूर रोडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "बाजूला व्हा! क्लच गेलाय! गाडी थांबत नाहीये!"

आणि अगदी अलगद, झुंबरच्या त्या ढिल्या बुशच्या भरवशावर, क्लचवरचा पाय उचलला.

पोरं टुणकन उडाली. रस्त्यात आडवा झालेला सगळ्यांत आधी.

"कुणी रिपेअर केलीय ही गाडी?" पळता पळता एकाने विचारलं.

"काका स्वतःच करतात म्हणे."

"तरीच! हातात कला नाही, अन् निघाले गाडी करायला."

शेजारी बसलेल्या लताबाईंनी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. एरवी असं काही ऐकून ते गाडीतून उतरले असते आणि त्या पोराला मायक्रोमीटरचं माप समजावून सांगितलं असतं. पण कारभारींनी फक्त हॉर्न वाजवला.

"ऐकलंत ना काय म्हणाला?" लताबाईंनी विचारलं.

"ऐकलं," कारभारी म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. "अकरा मिनिटं आहेत. त्या बँडवाल्याला सांग, पळत वाजव म्हणावं."