आपला नसलेला वास

हाडं उकळून सरस बनवणाऱ्या कारखान्याला घाण वास येतो, याबाबत शेजारच्या वसाहतीत दुमत नव्हतं. वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष आणि कारखान्यातल्या इंजिनीअरबाई हे नात्याने सासरे-सून. त्यामुळे तक्रार घरच्या घरीच दाखल होई.

अखेर बाईंनी जैवगाळणी बांधली. लाकडाच्या ढलप्या, झाडाच्या साली आणि कंपोस्ट यांचा भलामोठा ओलसर थर. खालून पंख्याने कारखान्याची हवा सोडायची. थरातले जिवाणू वास खाऊन टाकतात, वरून स्वच्छ हवा निघते. जिवाणूंनी सुरुवातीला अन्नाला तोंडच लावलं नाही. बाईंनी पाणी मारलं, थर खालीवर केला, सुट्ट्या बुडवल्या. मग एका सकाळी वास गेला. थरावर उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्यांना चक्क रडू आलं.

वसाहतीत मात्र वास होताच. पूर्वीपेक्षा वेगळा, जरा घरगुती.

समितीच्या तक्रारीवरून प्रदूषण कार्यालयाचे निरीक्षक यंत्र घेऊन आले. कारखान्यापाशी यंत्र गप्प राहिलं. वसाहतीमागच्या नाल्यापाशी ते वाजायचं थांबेचना. नाल्यात वसाहतीचाच कचरा कुजत होता. समितीने हा निष्कर्ष एकमताने फेटाळला. निरीक्षकांची अडचण निराळीच होती. नियमानुसार दोषी उद्योगच असू शकत होता आणि नाला हा उद्योग नव्हता.

नाला साफ करता येईल, असं बाईंनी सुचवलं. त्यासाठी तो आधी कुणाचा तरी असावा लागतो, असं निरीक्षकांनी निदर्शनास आणलं.

"तुमच्या गाळणीमुळे वास बेवारस झालाय, बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

चौकशी पूर्ण होईपर्यंत गाळणी बंद ठेवण्याचा आदेश निघाला. मालकांनी तो पर्यावरणाच्या हितासाठी तत्परतेने पाळला. पंखा थांबला, थर सुकला, जिवाणू उपाशी मेले. बाई कितीतरी वेळ तो कोरडा भुगा हाताने चाचपत बसल्या.

कारखान्याचा वास परतला आणि नाल्याचा त्यात बेमालूम मिसळून गेला. दोषी उद्योग सापडला आणि चौकशी समाधानकारकरीत्या संपली.

त्या संध्याकाळी नाल्याच्या काठी बाईंना सासरे भेटले. हातात कचऱ्याची पिशवी होती.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही?"

"येतो ना," पिशवी खाली सोडत सासरे प्रसन्नपणे म्हणाले. "पण आता तो आपला नाही."

सासऱ्यांचं हसू आलं असेल, तर आपल्या मागच्या खिडकीतून एकदा खाली वाकून बघा. जवळपास एखादा कारखाना असला, तर तुम्ही नशीबवान.